डाव्या पायरीवरचा पाचवा

स्फाक्स, १९ नोव्हेंबर २०२४

सन्माननीय उस्ताझा इनआम बताइने,

सलाम. आपली ओळख नाही. मी ट्युनिशियातल्या स्फाक्सची सोंदेस कम्मून. एका तेलघाणीच्या कचेरीत काम करते. माझा धाकटा भाऊ वज्दी या वर्षीच्या नऊ फेब्रुवारीला वारला. एकोणतीस वर्षांचा होता. मूत्रपिंडं गेली होती.

त्याचं ईमेल उघडायला मला इतके महिने लागले. त्यात ‘सात वेशी’ नावाच्या खेळातून आलेल्या पत्रांच्या नकला होत्या. एका पत्राखाली तुमचं नाव, ‘रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, इर्बिद’ असं आणि हा पत्ता होता. खेळात कुणी असं पूर्ण नाव-गाव लिहितं हे पाहून धीर आला. शिक्षिका म्हणून तुम्हाला उस्ताझा म्हणते.

पत्र एका ओळीचं आहे: ‘दार वेळेवर बंद होते.’

कुठलं दार? आजारपणाची शेवटची चार वर्षं माझा भाऊ रोज संध्याकाळी त्या खेळात जायचा. आई विचारते, तिथे त्याचं कोण होतं? मला उत्तर माहीत नाही. तुम्हाला आहे का?

सोंदेस


इर्बिद, २२ नोव्हेंबर २०२४

श्रीमती सोंदेस कम्मून यांस,

तुमच्या भावावर अल्लाची कृपा असो. तुमच्या आईला माझ्याकडून सांत्वन सांगा.

‘सात वेशी’ हा हजारो माणसांनी एकाच वेळी खेळायचा खेळ आहे. प्रत्येकाचे एक पात्र असते. एकट्याने भटकता येते, गटानेही जाता येते. काही जागा मात्र गटाशिवाय उघडत नाहीत. माझा एक गट आहे. तुमचे बंधू ‘मल्लाह’ या नावाने थोडे दिवस त्यात होते, २०२३ च्या रमजानमध्ये. ते एकट्याने खेळणाऱ्यांपैकी होते. अशा लोकांना गटाची शिस्त जमत नाही. त्यांना नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही, स्वभाव असतो एकेकाचा.

याहून अधिक मला माहीत नाही.

इनआम बताइने


स्फाक्स, १ डिसेंबर २०२४

उस्ताझा,

उत्तराबद्दल आभार. पण तुम्ही माझा प्रश्न तपासून परत पाठवला, उत्तर नाही लिहिलंत.

वज्दीला एकटं राहायला आवडत नव्हतं. घरात तो कधी एकटा जेवला नाही. आई ब्रिक, म्हणजे आमच्याकडच्या अंडं भरलेल्या पातळ पुऱ्या, तळायला लागली की हा तव्याशी उभा राहून पहिली आपल्या ताटलीत ओढणार आणि तोंड भाजून घेणार. आई म्हणायची, “अरे, बस तरी!” आणि हा, “बसलो तर माझ्या वाटची तू सोंदेसला देशील.” असा माणूस. आठवड्यातले तीन दिवस दवाखान्यात हाताला सुया लावून चार-चार तास पडून यायचा. मित्र आधी यायचे, मग फोन करायचे, मग तेही राहिलं. खेळाबद्दल तो आईला म्हणाला होता, “तिथे मी एकटा असलो तरी माणसांत असतो.”

म्हणून विचारते. कुठलं दार? आणि तो त्याच्या कुठल्या बाजूला होता?

आणखी एक. वज्दी वारल्याचं कळवलं होतं, त्यावर त्या खेळाच्या कंपनीचं पत्र आलंय. वारलेल्याचं खातं वर्ष भरताना पुसतात. आठ फेब्रुवारीला त्याचं पुसतील. पासवर्ड आमच्याकडे नाही.

सोंदेस


इर्बिद, ९ डिसेंबर २०२४

सोंदेस,

तुमचे म्हणणे बरोबर आहे. मी प्रश्न टाळला. चाळीस वर्षे मुलींना याच गोष्टीसाठी उभे केले, तेव्हा मीही उभी राहते.

आमचा गट चौघांचा. मी, माझा भाऊ फव्वाज, त्याची बायको हियाम आणि राकान, माझ्या खासगी शिकवणीचा जुना विद्यार्थी. फव्वाजचे विद्यापीठाच्या रस्त्यावर नेट-कॅफे होते. ते बंद झाले तेव्हा चार यंत्रे त्याने घरी आणली. दर गुरुवारी आम्ही चौघे त्याच्या बैठकीत एका भिंतीला लागून बसतो. चहा असतो, रमजानमध्ये सारण भरलेले गोड कतायेफ असतात. खेळात लिहून बोलण्याची आम्हाला गरज नसते. शेजारच्याला कोपराने ढोसले की झाले.

त्या खेळात ‘पाच दगडांचा मकबरा’ आहे. शेवटच्या दालनात पाच दगड आहेत. पाचांवर एकाच वेळी पाच जण उभे राहिले तरच पुढची भिंत उघडते. आम्ही चौघे होतो. पाचवा हवा होता म्हणून फलक लावला, त्यावर मल्लाह आले. त्यांनी गाव सांगितले नाही, मी विचारले नाही. मी वेळ कळवली. त्या गुरुवारी ते आले नाहीत. गट आत गेला की मकबऱ्याचे दार बंद होते आणि बाहेर पडायची वाट मागच्या बाजूने आहे. दुसऱ्या दिवशी त्यांचे पत्र आले, ‘मी आलो होतो. दार बंद होतं.’ मी उत्तर दिले ते तुम्ही वाचले आहे. पुढच्या तीन गुरुवारी तेच झाले. चारही वेळा आम्ही चौघे शेवटच्या दालनापर्यंत लढलो आणि पाचव्या रिकाम्या दगडाकडे पाहून परत आलो.

तुमचे पत्र मी बैठकीत वाचून दाखवले. फव्वाज म्हणाला, “ताई, तू तेव्हाही शाळेच्या फाटकावरच उभी होतीस. घंटा झाली, फाटक बंद.” मी त्याला चहा दिला नाही.

आता एक गोष्ट, जी लिहू की नको असे झाले आहे. एकट्याने खेळणाऱ्यांची सोय म्हणून त्या खेळात ‘सावल्या’ असतात. जो खेळाडू हजर नाही त्याचे पात्र सरायात, म्हणजे मुक्कामाच्या जागी, बसलेले असते. एकट्याला त्याला सोबत घेता येते. ते आपोआप चालते, लढते. मालकाने जसे चालवले तसेच चालते, कारण त्याच्याकडून शिकलेले असते. मात्र दोन माणसे एकत्र असली तर सावली येत नाही. ती फक्त एकट्याला मिळते.

मी आयुष्यात कधी एकटीने खेळले नव्हते. मंगळवारी दुपारी प्रथमच गेले. सरायात मल्लाह होते, निळा फेटा, कमरेला दोर. मी त्यांना सोबत घेतले. वाळवंटातून नीट चालले. माझ्यावर दोन लांडगे आले तेव्हा मध्ये पडले. मकबऱ्यापाशी पोचलो आणि ते माझ्यामागे यायचे थांबले. दाराच्या डाव्या पायरीवर बसले. मी हाक मारली, पुढे गेले, मागे आले. उठले नाहीत. घड्याळ लावले. चाळीस मिनिटांनी उठले आणि गावाकडे चालू लागले.

बुधवारी पुन्हा गेले. पुन्हा चाळीस मिनिटे. काल पुन्हा. तीच पायरी.

यंत्रात बिघाड असावा.

इनआम


स्फाक्स, २० डिसेंबर २०२४

उस्ताझा,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. लांडग्यांपाशी ती हसली. पायरीपाशी उठून आत गेली. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, “तिला लिही, माझा मुलगा कधी उशिरा गेला नाही.”

आई सांगते ते असं. गुरुवारी त्याचा दवाखान्याचा दिवस. संध्याकाळी यायचा, अर्धमेला. इफ्तारीला दोन खजूर आणि मोजून अर्धी वाटी सूप, कारण पाणीही मोजूनच. मग पडून राहायचा. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, बांग झाली की ताडकन उठायचा, नमाज करायचा आणि धावत यंत्रापाशी. आई चिडवायची, “कोण पोरगी आहे रे, जी बांगेची वाट बघते?” तो म्हणायचा, “पोरगी नाही, एक उस्ताझा आहे. इशाची नमाज झाली की या म्हणाली आहे. एक मिनिट उशीर चालत नाही तिला.”

इथे स्फाक्सला आमच्या मशिदीची बांग खिडकीत होते. तो ती चुकवणं शक्य नाही.

मग उशीर कसा झाला?

घाणीवर हंगाम आहे, ऑलिव्हच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत. उत्तर यायला वेळ लागला तर रागावू नका. पण तुम्ही मात्र लवकर लिहा.

सोंदेस


इर्बिद, ११ जानेवारी २०२५

सोंदेस,

तीन आठवडे लिहिले नाही. आजारी नव्हते.

तुमचे पत्र आले त्याच दुपारी मी दोन्ही गावांची वेळापत्रके काढली. २०२३ च्या रमजानचा पहिला गुरुवार, तेवीस मार्च. इर्बिदमध्ये इशाची बांग झाली तेव्हापासून स्फाक्समध्ये ती व्हायला एक तास चाळीस मिनिटे होती. सूर्य आमच्याकडून निघून तुमच्याकडे जातो. हे मी नववीच्या मुलींना भूगोलाची बाई रजेवर असताना शिकवले आहे.

मी घड्याळाची वेळ लिहिली नव्हती. ‘इशानंतर’ लिहिले होते. आम्ही सारे असेच सांगतो, लग्नाचे असो की मयताचे. चौघे एका मशिदीच्या हद्दीत राहतो, कधी अडले नाही. तो त्याच्या इशाला धावत आला. आम्ही तेव्हा शेवटच्या दालनापाशी होतो, मागच्या वाटेने बाहेर पडायच्या बेतात. तो पुढच्या दारापाशी बसत होता. मध्ये एक भिंत होती आणि आम्ही मोठमोठ्याने हसत कतायेफ खात होतो. खेळात त्यातले काहीच ऐकू जात नाही.

आता जे लपवले ते. चौथ्या गुरुवारनंतर, चौदा एप्रिलला, मी त्याला आणखी एक पत्र लिहिले. त्याची नक्कल तुम्हाला सापडली नाही हे तुमच्या पहिल्या पत्रावरून मला कळले होते. मी गप्प राहिले. त्याने ते पुसले असावे, तुम्ही कुणी वाचू नये म्हणून. माझ्याकडे आहे. जसेच्या तसे लिहिते:

‘गट म्हणजे सराय नव्हे. ज्याला माणसांची किंमत नाही त्याने एकटेच राहावे. आपले नाव काढले आहे.’

त्याने उत्तर दिले नाही. आणि नाव काढल्यावरही तो दहा महिने तिथे येऊन बसला. सावली एकदोनदा केलेले शिकत नाही. माणूस जे सर्वांत जास्त वेळा करतो तेच ती करते.

माझ्याकडे सबब नाही. विचारणे माझे काम होते. हजेरी घेणाऱ्याने नाव पुकारायचे असते.

इनआम


स्फाक्स, १३ जानेवारी २०२५

‘ज्याला माणसांची किंमत नाही.’

हे मी आईला वाचून दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. वेळेचा घोळ झाला एवढंच सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे ते लोक वाईट नव्हते.” आणि तिला बरं वाटलं. बघा.

एप्रिलच्या त्या आठवड्यात तो तीन दिवस बोलला नव्हता. आम्ही डॉक्टरांना विचारून औषध बदलून घेतलं.

यापुढे लिहू नका.

सोंदेस


इर्बिद, ३० जानेवारी २०२५

सोंदेस,

लिहू नका म्हणालात तरी एकदाच लिहिते. उत्तर देऊ नका.

सहा फेब्रुवारीला गुरुवार आहे. आठ तारखेला खाते पुसले जाईल. मी रोज त्या सावलीसोबत जाते आणि पायरीवर शेजारी बसते. त्याने काही होत नाही. मी उठून गट आणला तर ती नाहीशी होते. गटात सावलीला जागा नाही, माणसालाच आहे. म्हणून त्या दिवशी त्याच्या नावाने कुणीतरी माणूस आत यावे असे मला वाटते. मी त्याचे नाव पुन्हा गटात लिहिले आहे. गेल्या गुरुवारी फव्वाजला सांगितले, “दार आपल्या इशाला उघडणार नाही, त्यांच्या इशाला उघडेल.” तो म्हणाला, “ताई, तोवर आम्ही काय करायचं?” राकान म्हणाला, “वाट बघायची, भाऊ. उस्ताझाने आम्हाला वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा आम्ही काय करायचो?” हियामने तोवर मक्लूबा भाताचे पातेले परातीत उलटून आणले.

तुम्हाला पासवर्ड सापडला आणि इच्छा झाली, तर दोनच गोष्टी लागतात. वरचा बाण दाबला की तो पुढे चालतो. मोठी लांब पट्टी दाबली की बसतो किंवा उठतो. बाकी कशाला हात लावू नका. सरायातून दारापर्यंत सरळ रस्ता आहे. पुढे मी हात धरेन. त्या खेळात सोबत्याचा हात धरता येतो, मग तो मागे मागे येतो.

कुणी आले नाही तरी आम्ही थांबू.

इनआम


इर्बिद, ७ फेब्रुवारी २०२५

सोंदेस, मुली,

तू आलीस. काय लिहू?

आमची इशा झाली आणि मी सवयीने यंत्रापाशी बसले. आम्ही चौघांनी आपापली पात्रे मकबऱ्यापाशी नेली. मल्लाह तिथे आधीच बसला होता. डाव्या पायरीवर. मला वाटले सावली आहे. पण आम्ही चौघे होतो, सावली असूच शकत नव्हती. नावाखाली हिरवी रेघ होती, म्हणजे माणूस. हियामने हातातला चहाचा पेला खाली ठेवला नाही, प्यायलाही नाही.

एक तास चाळीस मिनिटे आम्ही पाचही जण त्या दारापुढे होतो. आमच्या सव्वानऊला, म्हणजे तुमच्या सव्वासातला, तुमची बांग झाली असणार. मी थोडा वेळ आणखी दिला, मग दार उघडले आणि त्याचा हात धरला. बसला होता तो उठला आणि मागे आला. दोन दालने पार झाली. पुढे अरुंद पूल आहे, एकावेळी एकच जाऊ शकतो. तिथे हात सुटतो. मी तुला हे सांगायला विसरले होते! समोरून टोळी आली, मागे वळून पाहायला सवड नव्हती. राकान ओरडला, “उस्ताझा, तो मागे राहिला!” मी म्हणाले, “लढा.”

शेवटच्या दालनात आम्ही चौघे आपापल्या दगडावर उभे राहिलो. चार उजळले. मग पाचवा उजळला.

फव्वाज साठीचा आहे. तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत बसला.

तू कधी न खेळलेली. पुलावरून बरोबर आलीस, रिकामा दगड ओळखलास. मी तुला अख्खे गुण देते, आणि ते मी कुणाला देत नाही. तुझी क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही, म्हणून मागत नाही. फक्त आलीस म्हणून आभार.

इनआम


स्फाक्स, १० फेब्रुवारी २०२५

उस्ताझा,

मी नव्हते.

गुरुवारी मी घाणीवर होते. यायचं नाही असंच ठरवलं होतं. पावणेआठला घरी आले तर वज्दीच्या खोलीत उजेड, खुर्ची पुढे ओढलेली आणि आई शेजारच्या खोलीत जानमाजवर. ती आता खुर्चीवर बसून नमाज करते, तिला खूप वेळ लागतो.

पासवर्ड आईला येत होता. पहिल्यापासून. दवाखान्यातून आल्यावर त्याच्या हाताला पट्टी असायची, तो नमाज करेपर्यंत यंत्र तीच चालू करून द्यायची. मी कधी विचारलंच नाही तिला. तुमचं पत्र मी टेबलावर ठेवलं होतं, ते तिने चष्मा लावून वाचलं. मी म्हटलं, “आई, मला सांगायचंस ना!” तर म्हणाली, “तू रागात होतीस. आणि मला दोन बटणं कळतात गं.”

तिने जेवणाआधीच त्याला पायरीपाशी नेलं. पायरीवर तो आपला आपण बसला, म्हणाली. बांग होईपर्यंत शेजारी बसून राहिली. बांग झाली तशी उठली आणि नमाजला गेली. त्यानंतर तिने कशाला हात लावला नाही. परत आली तेव्हा पडद्यावर तो दगडावर उभा होता आणि सगळीकडे उजेड होता. मीही पाहिला.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. कदाचित करेन. पण आई चार दिवस एकच विचारते आहे आणि मला उत्तर द्यायचंय: “ते त्याला घेऊन गेले, की तो आपला आपण गेला?”

खरं लिहा. तुम्ही खरं लिहिता म्हणून विचारते.

सोंदेस


इर्बिद, १४ फेब्रुवारी २०२५

सोंदेस, मुली,

दारापासून पुलापर्यंत मी त्याचा हात धरला होता. तेवढे माझे.

पुलावर हात सुटला. तिथून पाचव्या दगडापर्यंत सव्वीस पावले आहेत आणि एक वळण. मी सोमवारी पुन्हा जाऊन मोजली. हात सोडलेले पात्र जागेवर उभे राहते, तेही तीनदा करून पाहिले. राकानने, फव्वाजने, हियामने त्याला हात लावला नव्हता. तिघांना वेगवेगळे बसवून विचारले. तुझी आई नमाजला होती, तू घाणीवर होतीस.

प्रयोगवहीत मी मुलींना सांगत असे, दिसले ते लिहा, आणि कारण सापडले नाही तर ती जागा कोरी ठेवा. बनवून भरू नका. ती जागा मी कोरी ठेवली आहे.

आईला सांग, आपला आपण गेला.

खाते आठ तारखेला पुसले गेले. सरायात त्याची जागा रिकामी आहे. काल गुरुवार होता. आम्ही आमच्या इशाला जमलो आणि दार तुमच्या इशाला उघडले. का म्हणून कुणी विचारले नाही. मधला सगळा वेळ आम्ही चौघे उभे होतो. डावी पायरी मोकळी होती, तिथे कुणी बसले नाही.

इनआम